खिंडीआधीचा फ्लेक्स

सेंट आर्नो, १० नोव्हेंबर २०२५

ती. जयवंतकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही वायाऊ खिंड ओलांडलेली नाही. वर नवा बर्फ पडलाय, हिमस्खलनाचा धोका आहे, रविवारपर्यंत कुणी जाऊ नये, असं इथल्या उद्यान कार्यालयातल्या बाईंनी आज सकाळी पक्कं सांगितलं. त्याआधीच आम्ही अर्ध्या चढावरून परत फिरलो होतो. पाय मांडीपर्यंत आत जात होता. मीच म्हटलं, पुरे. तुमच्या चिरागने ऐकलं.

गावात रेंज आली आणि पहिला फोटो आला तो धायरीच्या चौकातल्या फ्लेक्सचा. ‘न्यूझीलंडची हिमखिंड सर करणारे आपले वीर.’ माझा फोटो तर लग्नातला, नथीसकट. काका, तुमच्या मुलाने सॅटेलाइटवरून ‘उद्या खिंड’ एवढंच कळवलं होतं. उद्या. तुम्ही फ्लेक्स छापून मोकळे, वर रविवारी आमच्या वतीने सत्कारही घेणार.

आता चिराग म्हणतो, गुरुवारी पुन्हा वर निघणार, शनिवारी खिंड ओलांडणार. एकटा. सत्काराच्या दिवशी बाबांचं हसं व्हायला नको म्हणे. माझा संताप व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिला असता तर तुम्ही मला ब्लॉक केलं असतं. भांडण पत्रातच करावं हा तुमचाच नियम, म्हणून ही ईमेल. फ्लेक्स उतरवा आणि त्याला तसं स्वतः सांगा.

लोभ आहे. तो टिकावा, फ्लेक्स टिकू नये.

तुमची पुतणी,
मृदुला

पुणे, ११ नोव्हेंबर

चि. मृदुला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुम्ही सुखरूप आहात हे ऐकून तुझ्या विभावरीकाकूने देवापुढे साखर ठेवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

स्पष्ट सांगतो. तुम्हा दोघांना लहानपणापासून मी डोंगरात नेलं. लिंगाण्यावर रडत होतीस, पण वर गेलीस. अर्ध्या चढावरून फिरायला मी शिकवलेलं नाही. आमच्या ट्रेकिंग मंडळातले विचारतील तेव्हा मी काय सांगू? फ्लेक्स जरा लवकर लागला, एवढंच. शनिवारी तिकडे ऊन आहे, इंटरनेटवर पाहिलंय. दोघं जा आणि ओलांडून या. फोटोवरची तारीख कोण बघतंय? चिराग एकटा वगैरे जाणार नाही, उगाच मला घाबरवू नकोस.

रागात आहे, तरी आशीर्वाद आखडते घेतलेले नाहीत.

काका

सेंट आर्नो, १२ नोव्हेंबर

काका, नमस्कार.

लिंगाण्याचा कातळ आज जिथे आहे तिथेच उद्या असतो. हा बर्फाचा उतार ऊन लागलं की निघून जातो, वरच्या माणसासकट. तुम्ही ज्या उन्हाची वाट बघताय ते हेच. चिरागला हे माझ्याइतकंच कळतं, म्हणून तर त्या दिवशी तो फिरला.

त्याचे क्रॅम्पॉन, बर्फासाठी बुटांना लावायचे ते काटे, मी माझ्या सॅकच्या तळाशी कोंबले. त्याने इथे दुसरे भाड्याने घेतले आणि वर मलाच म्हणाला, ताई, स्वीट अ‍ॅज, म्हणजे इकडच्या बोलीत ‘एकदम झकास’. हसत होता. त्या हसण्यावर जाऊ नका. उद्या नऊच्या बोटीने तो तलावापलीकडे उतरणार, पुढे फोन लागत नाही.

तुमचं पत्र त्याला दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर आजच निघाला असता.

लोभाचं उद्या नऊनंतर बघू.

मृदुला

पुणे, १२ नोव्हेंबर

चि. मृदुला,
आशीर्वाद.

फ्लेक्स उतरवला. मंडळातलं कुणी आलं नाही, मीच चढलो. शिडी तुझ्या काकूने धरली. मी खाली आल्यावर एवढंच म्हणाली, उतरताही येतं म्हणजे तुम्हाला. सगळा चौक बघत होता. दोऱ्या मी रागाने तोडल्या. राग कुणाचा, ते विचारू नकोस.

चिराग माझा फोन उचलत नाही. मेसेज टाकलाय, तोही उघडलेला नाही.

सत्कार रद्द केलेला नाही. हॉल घेतलाय, माणसं येणार. रविवारी मी माइकवर सांगणार आहे की मुलं अर्ध्या चढावरून परत आली, आणि का आली. मग हार घालायचे की नाही, ते मंडळाने ठरवावं.

सोबत फोटो आहे. रिकामा खांब, शेजारी मी, काखेत फ्लेक्सची गुंडाळी. हा त्याला दाखव. बोट नऊला आहे ना, मग तू आठलाच धक्क्यावर जाऊन उभी राहा.

काका