लाल फडक्यातला नारळ

तेल्हारा,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप केशवभाऊंना शेषरावचा नमस्कार. वहिनींचा गुडघा आता बरा असेल.

गेल्या सोमवारी पहाटे, बाया यायच्या आधीच मी झेंडूत जाऊन उभा राहिलो. धुकं इतकं होतं, की वावर जमिनीला टेकलंय असं वाटेना. आधी बायांचं बोलणं आलं, मग बऱ्याच वेळानं बाया. आई तोडणीला जायची तेव्हाही असंच असायचं का हो? तिचा आवाज मला आठवत नाही, हातांचा वास आठवतो.

दिवाळीला फुलाला भाव बरा राहील म्हणतात. बांधावरची सीताफळं शेजारच्या पियुषसोबत तुमच्याकडे अमरावतीला पाठवली आहेत.

लिहायचं होतं ते वेगळंच.

रुख्मिणीबाई शेजारच्या ओळीत तोडत होत्या. त्यांची लेक प्रतीक्षा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागली आहे. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "शेषरावभाऊ, सरकारी दर पोरीले भेटते, मले काहून नाई? वावरातल्या कामाचा बी दर हाय म्हंते ते."

"आपलं देवापुढं ठरलं हाय, बाई."

"देवानं मले तं नाई इचारलं."

मागून कोणी हसलं, "त्याले बी कमी मजुरीतच ठेवला असन."

भाऊ, हंगामाआधी आपण सगळे फुलवाले मारुतीच्या देवळात मजुरीचा दर ठरवतो आणि त्याच्या वर कोणी जाणार नाही म्हणून आपापला नारळ लाल फडक्यात तुळईला बांधतो. रीत तुम्हीच घातली. तेव्हा भाव पडले होते, गावात फूट पडू नये एवढाच तुमचा हेतू होता. पण त्या बैठकीत बाया कधीच नसतात. आपलं बोलणं मी इतकी वर्षं देवाचं समजत आलो.

त्या दिवसापासून मारुतीपुढे बसलो की डोळे मिटेनात. वर नारळ वाऱ्यानं हलकेच डुलत. वाटे, झोपेत कोणी मान हलवतंय.

नत्थुजींशी बोललो; सगळ्या फुलवाल्यांचा माल त्यांच्याच टेम्पोतून जातो. ते म्हणाले, "तू दर वाढोशीन, मंग आमी काय हवा खावाची? तुह्या फुलाले टेम्पोत जागा नाई, सांगून ठेवतो." त्यांचंही खोटं नाही, त्यांचं वावर आपल्याहून लहान. मी फुलं एस.टी.नं अकोल्याला नेईन. वाढीव मजुरी माझ्या हिश्श्यातून जाईल, तुमच्या नाही.

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तुमचा शब्द मोडायची मला सवय नाही.

आज सकाळी आपला नारळ सोडला. यंदाही गाठ तुम्हीच मारून गेला होता, सुटायला वेळ लागला. मारुतीपुढे फोडला, पहिलं खोबरं रुख्मिणीबाईंच्या हातावर ठेवलं. संध्याकाळी सगळ्या बायांना सरकारी दरानं मजुरी दिली.

रागवा, पण दिवाळीला घरी या.

तुमच्याच हाताखाली वाढलेला,
शेषराव