‘नाही पाक’ म्हणायचा वर्ग

योग्याकार्ता, मंगळवार

तीर्थस्वरूप म्बाक एंदांग यांस धाकट्या विनार्नोचा वाकून नमस्कार. थोरल्या बहिणीला पत्र लिहायचं ते सुखाचं असावं, पण इलाज नाही. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा पिंजऱ्यातला पारवा पुन्हा घुमू लागला का? माझी तब्येत ठणठणीत आहे, तोंड मात्र दाखवण्यासारखं राहिलेलं नाही.

रेडिओवरून निवृत्त झाल्यावर विद्यापीठानं मला एम.एस्सी.च्या मुलांना चारचौघांत बोलायला शिकवण्यासाठी बोलावलं, हे तुम्ही सेमारांगभर सांगितलंच असेल. (नसेल तर आता सांगू नका.) मुलं हुशार, पण आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. वडीलधारं माणूस काही बोललं की मान खाली आणि बापाला म्हणावं तसं आदरानं ‘हो पाक’. परीक्षक विचारतात, "तुझा निष्कर्ष चुकलाय ना?" "हो पाक." "मग पदवी कशाला देऊ?" "हो पाक." दोन वर्षांची मेहनत नंदीबैलासारखी मान डोलावून घालवतात.

त्यातच वेनिंग. सलाकच्या फळबागांना लागणाऱ्या बुरशीवर तिचं काम, आणि आवाज इतका बारीक की मनातल्या मनात बोलतेय असं वाटावं. वोनोसारीच्या कॉलेजात पुढच्या महिन्यापासून तिची नोकरी ठरलेली, पण पदवी हातात पडली तरच. सहा आठवडे मी खोटा परीक्षक होऊन तिच्यापुढे बसलो, डोळे वटारले, टेबल आपटलं. (टेबलावरचा चहा विभागप्रमुखांच्या बाटिक शर्टावर गेला, तो प्रसंग वगळतो.) "अगं, मान वर! मोठ्या माणसाचं चुकलं तर तोंडावर सांगायचं!" सहाव्या आठवड्यात ती म्हणाली, "पाक, तुमचं हे मला पटत नाही." मी आनंदानं टाळी वाजवली.

परीक्षेच्या दिवशी मी अगदी मागच्या खुर्चीत. मुख्य परीक्षक प्रोफेसर हार्सोयोंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "चाळीसच बागा? कमी नाहीत?" वेनिंग ताठ मानेनं म्हणाली, "नाही पाक. गावात बागाच एकेचाळीस आहेत. एकेचाळिसाव्या मालकानं कुत्रा सोडला." सगळे हसले. माझा ऊर भरून आला. हार्सोयो हसले नाहीत. तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला उलट बोलायला तुम्ही शिकवलंत, पाक विनार्नो? माझं चुकलं म्हणता?"

म्बाक, मी उठलो आणि कमरेत वाकलो. "छे छे पाक, चूक आमची." "म्हणजे बागा कमीच?" "हो पाक." "सहा महिने देऊ, पुन्हा काम करू दे?" "हो पाक." तीस वर्षं ज्या खणखणीत आवाजात बातम्या दिल्या, त्याच आवाजात. वेनिंगनं एकदाच मागे वळून पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! वर तिच्या आईनं परीक्षकांसाठी आणलेली खाऊची खोकी वाटली गेली, त्यातलं एक मलाही मिळालं. मी तेही दोन्ही हातांनी घेतलं.

भाऊजींना नमस्कार.

तुमचा लाजेनं अर्धा झालेला,
विनार्नो

ता.क. खोक्यातली चिकट भाताची वळकटी फार चविष्ट होती. लाज वाटत होती, तरी सगळी खाल्ली.

ता.क. दुसरा. काल वेनिंग घरी आली. वाटलं, चार शब्द सुनावेल. तिनं कागद पुढे केला. "पाक, परीक्षक नसलेल्या माणसाच्या मतावर माझा निकाल लागला, असा मी अर्ज केलाय. तुम्ही भीतीपोटी हो म्हणालात, एवढं खाली लिहून सही करा." आवाज स्पष्ट, मान वर. मी म्हणालो, ठेवून जा. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. आज सकाळी हार्सोयोंचा फोन आला, "त्या अर्जात काही अर्थ नाही ना?" मी काय म्हणालो असेन ते तुम्ही ओळखलंच असेल.

ता.क. तिसरा. खरं तर पत्र यासाठीच. आजच्या बसनं पाठवतोय. मिळताच फोन करा आणि ‘सही कर’ म्हणून मला चांगला दम द्या. समजूत नको, हुकूम हवा. हार्सोयो तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत, मी चौकशी केली आहे.