खोटं पोर्टर

८ नोव्हेंबर १९५१, जव्हार

बाळ कालपासून रडतंय. बाईसाहेबांचं दूध तापात गेलं ते परत आलंच नाही. (पुढं नुसतं बा.सा. लिहीन, नि साहेबांना सा. बोटं दुखतात.) शेळीचं दिलं, उलटलं. डब्यातली पावडर दिली, तीपण उलटली. डॉक्टर म्हणाला, अंगावर पाजणारी बघा. झालं. बा.सा. नी पुस्तक काढलं.

हे पुस्तक मी आल्यापासून माझ्या मानेवर बसलंय. पुठ्ठा गेलेलं, विटेएवढं जाड, इंग्रजी. पुण्यात रद्दीत मिळालेलं. शंभर वर्षांपूर्वी विलायतेतल्या बायकांनी चूल कशी लावावी, नोकर कसे वळवावे, आजाऱ्याला काय द्यावं, सगळं त्यात. बा.सा. वाचतात, मराठीत सांगतात, मी करतो. नोकरी धरताना मी सांगितलं होतं, इंग्रजी खाणं येतं. येत होतं ते ठाण्याच्या इराण्याकडचं आम्लेट. शाळा राजापूरला तिसरीत सुटली, म्हणून पुस्तक म्हणेल ते खरं. गाजर मरेस्तोवर उकड म्हणतं, उकडतो. सा. खातात नि म्हणतात, "वा, शिवराम."

१० नोव्हेंबर

शिपायानं वावर गावाहून बाई आणली. बुधी. बरोबर नवरा धाकल नि त्यांची तान्ही पोर. आमचे सा. दारूबंदीचे साहेब, त्यांचा निरोप गेल्यावर नाही कोण म्हणणार. तिकडं घरटी मोहाची भट्टी.

बा.सा. पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या. एक ओळ वाचायची, एकदा बघायचं. दात बघावेत. "तोंड उघड गं." हिरड्या बघितल्या, केस बघितले. बाजारात बैल घेतात तसं. मग पुस्तक म्हणे तिचं मूल बघावं, गुटगुटीत असलं तर दूध कसदार. पोर काळी, चकचकीत, मनगटाला वळ्या. बा.सा. खूष. पान उलटलं. मूल जवळ ठेवू देऊ नये, दूध वाटलं जातं.

"म्हंजी?" बुधी म्हणाली.

"म्हणजे ही घरी जाईल. तू इथं राहायचं."

धाकल पायरीखाली उभा होता. म्हणाला, "पोर चांगली दिसली म्हनून आई घेतली. आता पोर चांगली राहील कशी?"

शिपाई म्हणाला, गप रे. पोर धाकलच्या आईकडं राहणार. म्हातारी वावरलाच असते.

१४ नोव्हेंबर

बुधीचं खाणं पुस्तकाबरहुकूम. मिरची बंद, लसूण बंद, सुकट बंद. नागली, म्हणजे आमची नाचणी, पुस्तकात नाहीच, म्हणून बंद. मटणाचं पाणी, अरारोट, दुधात भिजवलेला पाव. वाटीत बोट घालून म्हणाली, "सैपाक्या, हे आधी कोनी खाल्लं वाटतं."

"गप खा."

"दात कशाला बघितले माझे? चावायचं तं काहीच नाय."

दुपारी बा.सा. खुशीत होत्या, बाळ झोपलेलं. जुन्या काळचं वाचून दाखवलं. तिकडं मांस विस्तवासमोर सळईवर फिरवत. फिरवायला बुटकं कुत्रं चाकात घालत, ते पळेल तसं मांस फिरे. मी विचारलं, त्याला त्यातला तुकडा मिळायचा का. म्हणाल्या, ते लिहिलेलं नाही. बुधीनं विचारलं काय वाचते बाय, तिला सांगितलं. ती म्हणाली, "आन् थांबलं तं?"

मला हसू आलं. इथं हसायला दुसरं काही नाही. हिवाळा संपला की नाशिकला जाईन, नाहीतर मुंबईला बोटीवर.

१८ नोव्हेंबर

धाकल बाजाराला आला, मोळी डोक्यावर, पोर पाठीच्या झोळीत. मी त्याला स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं घेतलं. बुधी चुलीआड बसली. पोर आधी लागेचना, तोंड फिरवी. मग लागली ती सोडेना. मनगटाच्या वळ्या कमी झाल्यात. म्हातारी नागलीचं पाणी बोटानं चाटवते.

"बाजाराला तं आनीनच," धाकल म्हणाला, "मधीपन जमंल तवा आनीन. एवढ्यावर तगली पायजे."

बा.सा. नी आतनं विचारलं कोण आहे. म्हटलं लाकूडवाला.

२१ नोव्हेंबर

आज नवं पान. पाजणाऱ्या बाईला जेवणासोबत पोर्टर द्यावं, दूध वाढतं. मी म्हटलं, बाईसाहेब, पोर्टर म्हणजे टेशनावरचा हमाल. त्यांनी डिक्शनरी काढली. काळी बियर निघाली.

जेवताना त्यांनी सा. ना हळूच विचारलं. सा. चा घास हातात राहिला. "माझ्या घरात? अगं, लोकांच्या घरातली दारूची मडकी फोडतो मी." विषय संपला.

संपला कसला. संध्याकाळी स्वयंपाकघरात आल्या. "इथली मोहाची कशी असते रे? काळी असते?"

"पाण्यासारखी असते बाईसाहेब."

मग स्वतःच म्हणाल्या, पुस्तकात रस्सा काळा करायची कृती आहे, साखर जाळून. "औषध म्हणून रे. बाळासाठी. आणणार कोण ते तू बघ. मला सांगू नकोस."

२४ नोव्हेंबर

धाकलला सांगितलं तर तो हसत सुटला. "बंदीच्या साहेबाच्या घरात दारू नेऊ? मी काय खुळा दिसतो?"

"बाईसाहेबांचा हुकूम आहे."

"मंग बायला सांग शिपायाकडं चिठ्ठी देव."

मी म्हटलं, आणलीस तर मागचं दार उघडं राहील. पोर येत जाईल. नाही आणलीस तर मी तरी किती दिवस लाकूडवाला सांगणार.

परवा आणतो म्हणाला.

२६ नोव्हेंबर

आणली. सुकवलेल्या भोपळ्यात, वर बुचाला पानांचा बोळा. पोर बुधीच्या अंगावर प्याली, धाकल गेला. मी लोखंडी कढईत साखर जाळली, काळीकुट्ट होऊन धूर येईपर्यंत, मग पाणी घातलं, तडतडली. ती मोहाच्यात ओतली. दिसायला बियर. पोर्टर म्हणे. बा.सा. नी उजेडात धरून बघितलं, पुस्तकातल्या रंगीत चित्राशी ताडलं. मान हलवली.

बुधीनं घोट घेतला नि थुंकला. "कोनी नासवली?"

"विलायती आहे."

"माझ्या सासूनं गाळलेली हाये, मला वास नाय का कळत? चांगल्या मोहाचं वाटोळं केलंस, सैपाक्या." पण प्याली. बाळही आज शांत. बा.सा. म्हणाल्या, बघ, पुस्तकात उगीच लिहीत नाहीत.

२८ नोव्हेंबर

सा. दोन दिवस मोखाड्याकडं फिरतीवर होते, उद्या येणार होते. आजच आले. रिकाम्या हातानं. तिकडं आधीच बातमी पोचली होती, एक मडकं सापडलं नाही. वरच्या साहेबाचं सारखं टुमणं, केसेस कुठायत.

मागच्या अंगणात हात धुवायला गेले. तिथं धाकल. भोपळा हातात. पोर आत बुधीच्या मांडीवर.

सा. नी बुचाचा बोळा काढून वास घेतला. काही ओरडले नाहीत. "कुणासाठी?"

धाकलनं माझ्याकडं बघितलं. मी बा.सा. कडं. त्या दारात होत्या, बाळ खांद्यावर. कढईत जळलेली साखर तशीच होती, चुलीवर. सा. नी तीपण बघितली. मला वाटतं त्यांना सगळं कळलं. बा.सा. म्हणाल्या, "बाळाला वारा लागतोय," नि आत गेल्या.

"विकायला आणलीस," सा. म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"साहेब, तुमच्याच..." धाकल म्हणाला, तोवर शिपायानं मुस्काटात दिली.

सा. म्हणाले, शिवराम, तुला सही येते ना. पंचनाम्याला पंच पाहिजे. केली. नाव नि आडनाव. अक्षर बरं आलं.

मग पोर दिसली. बा.सा. नी विचारलं, ही कितीदा आली? मोळी विकायला आलेल्या वावरच्या एका बाईच्या हाती पोर दिली, म्हातारीला दे म्हणून. बुधीनं झोळीचं टोक धरून ठेवलेलं. शिपायानं एकेक बोट सोडवलं.

३० नोव्हेंबर

बा.सा. माझ्याशी धड बोलत नाहीत. आज भांडी घासताना जवळ आल्या. "थोडे दिवस आत ठेवतील, मग सोडतील. ह्यांची नोकरी गेली असती तर तूही कुठं गेला असतास?"

मी विचारलं, तिची पोर कोण आणणार आता.

"त्या लोकांची मुलं चिवट असतात."

हे पुस्तकात होतं की मनातलं ते कळलं नाही. धाकल जव्हारच्याच कोठडीत आहे, बंगल्यापासून हाकेवर. संस्थानच्या वेळचीच कोठडी, नवा फक्त रंग.

३ डिसेंबर

बुधी खात नाही. मटणाचं पाणी तसंच परत. बाळ पुन्हा रडतंय. बुधीची छाती बघितली बा.सा. नी, दाबून. "मुद्दाम आटवतेय ही."

बुधी म्हणाली, "गायपन वासरू मेल्यावर आटते. तुमच्या बुकातली बाय, तिला गाय नाय म्हाईत?"

"तुझं मेलंय का?"

"तेच तं म्हाईत नाय."

मी गुपचूप नागलीची भाकर भाजून दिली. तिनं हातात धरली, हुंगली, परत दिली. मीच खाल्ली.

५ डिसेंबर

पुस्तकाचा निकाल लागला. दूध आटत असेल तर विनाविलंब दुसरी बाई आणावी. पहिलीला दुसरी मिळेपर्यंत सोडू नये.

सा. म्हणाले, शिपाई नको, बोभाटा होतो. शिवरामला पाठवा. तो गोड बोलतो. मला म्हणाले, वावरपुढच्या वांगणी गावाकडं बघ, ताजी बाळंतीण.

बुधीनं मला मागच्या दारात गाठलं. रडली नाही, मारायला आल्यासारखी उभी. "लवकर आन. कोनची बी आन."

"ती पण कुणाची तरी आईच असणार."

"मग मी काय करू? तुला सही येते, तू कर काहीतरी."

७ डिसेंबर, वावर

वाट वावरवरून. धाकलच्या घरी थांबलो. म्हातारी शेणानं सारवत होती, पोर सुपात झोपवलेली. मी ओळखलीच नाही. चकाकी गेली, मान बारीक, डोळे मोठे. जिवंत आहे. बोट पुढं केलं तर चोखायला लागली, दम नाही, पण चोखते.

म्हातारीनं विचारलं, धाकल कधी सुटेल. माहीत नाही म्हटलं.

"भोपळा माझा होता. ठेवून घेतला काय त्यांनी?"

"पुरावा म्हणून."

"पोरीच्या आईला धाड नुसती. दुसरं काय मागत नाय." पंच कोण होता ते तिला माहीत नसावं. भाकर दिली मला. खाल्ली.

८ डिसेंबर, वांगणी

मिळाली. काशी. पहिलटकरीण, मुलगा दोन महिन्यांचा. दात पांढरे. मी बघितले, न सांगता, बोलता बोलता. मुलगाही गुटगुटीत. नवरा लगेच तयार, बंदीच्या साहेबाचं घर म्हटल्यावर. त्याचीही भट्टी असणार.

काल रात्री त्यांच्याच पडवीत झोपलो. आता सकाळ. ती बोचकं बांधतेय, मुलगा काखेत. अंगणात येऊन विचारलं, "दादा, याला घेऊ नं संगं? तान्हा हाये."

नाही म्हटलं तर येणार नाही, नि बुधी तिथंच. हो म्हटलं तर येईल, बा.सा. दारातच झोळी काढून घेतील, बुधी संध्याकाळी वावरच्या वाटेला लागेल. सुपातली पोर तगेल कदाचित.

नवरा म्हणाला, "बोल की रं सैपाकी. उन्हं वर आली."

ती उभीच आहे. मुलगा माझ्या पेन्सिलीकडं बघतोय, हात हलवतोय. वही मिटतो.