न्यूरेंबर्गचे सहा महिने

१ ऑगस्ट, बॉथेल (अमेरिका)

सकाळीच पुण्याहून शोभाताईंचा फोन. दिवाळी अंकाच्या संपादक — आधी तारीख सांगतात, मग ख्यालीखुशाली. "दहा सप्टेंबरपर्यंत लेख. न्यूरेंबर्ग. या वेळी स्वतः जाऊन लिही."

१९८६ साली त्या शहरावर मी लेख लिहिला होता — तिथे पाऊलही न ठेवता! सगळं त्र्यंबकने सांगितलेलं. लग्नाआधी तो तिथे सहा महिने ट्रेनिंगला होता. आमच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही तो तिथल्या किल्ल्याबद्दलच बोलत होता; पोहे मीच संपवले. लेख गाजला. आता तो माझ्या डोळ्यांनी ताडून पाहायचाय. आणि बरोबर त्र्यंबक हवाच.

३ ऑगस्ट

त्र्यंबकचा गुडघा दुखतोय. परवा टेनिस खेळला!

४ ऑगस्ट

गुडघा बरा. पण "युरोपात उन्हाळ्यात फार गर्दी गं." मग हिवाळ्यात? "फार थंडी."

मी म्हटलं, सहा महिन्यांत तू तो किल्ला बर्फात पाहिलास, चेरीच्या बहरात, भर उन्हात आणि पानगळीतही. थंडीला घाबरणारा माणूस हा नव्हे. तर म्हणे, "तिकडे हवा फार लवकर बदलते."

९ ऑगस्ट, लेव्हनवर्थ

नातीने तोडगा काढला. "आजी, जस्ट गो टू लेव्हनवर्थ! इट्स लाइक टू अवर्स." लेकीने, आश्लेषाने, आम्हा तिघांना गाडीत घातलं — आई, बाबा आणि अनया.

डोंगरातलं अमेरिकन गाव, पण पेहराव जर्मन. उतरती छपरं, लाकडी सज्जे, कुंड्यांतून ओसंडणारी लाल फुलं, भिंतींवर रंगवलेली चित्रं. गाव ओस पडायला आलं तेव्हा साठ सालानंतर लोकांनी जुन्या इमारतींवर हा साज चढवला. पर्यटक आले, गाव जगलं.

त्र्यंबक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर. प्रत्येक तुळईवर टकटक! "पोकळ. नुसत्या फळ्या ठोकल्यात." अनया ओशाळून म्हणाली, "आजोबा, प्लीज, पीपल आर स्टेअरिंग." पण त्र्यंबकचा चेहरा खुललेला. दोनदा म्हणाला, "खोटं आहे, पण मनापासून केलंय. लोक खूश होतात ना?"

जेवताना शेजारच्या टेबलावर एक वृद्ध जोडपं. थेट न्यूरेंबर्गचं! अनयाने लगेच जाहीर केलं, "माय ग्रँडफादर लिव्ह्ड देअर!" ते जर्मन आजोबा केवढे खूश झाले. त्र्यंबककडे वळून जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक विचारलं. त्र्यंबक म्हणाला, "डांके" — म्हणजे धन्यवाद. त्यांनी पुन्हा विचारलं. "डांके, डांके." आणि मोहरीची बाटली वाचायला लागला.

गाडीत आश्लेषा म्हणाली, "बाबा, एक वाक्य तरी?"

"चाळीस वर्षं झाली. विसरलो."

१९८७ साली मी भाजीत दोनदा मीठ घातलं, ती तारीख त्याला पाठ आहे. जर्मन तेवढी विसरला!

१० ऑगस्ट

शोभाताईंचा मेसेज: "तिकिटं काढलीस?" नाही. आमचा माहीतगार म्हणतोय, "तू एकटी जा, मोकळेपणी लिहिशील." चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मोकळेपणाची काळजी.

१२ ऑगस्ट

तिकिटांसाठी पासपोर्ट शोधताना त्र्यंबकचा पहिला पासपोर्ट हाती लागला. काढल्याचं साल १९९१. टेबलावर ठेवला. त्र्यंबकने तो उघडला, मिटला.

"ट्रेनिंग आठवडाभर आधी रद्द झालं गं. गल्लीभर पेढे वाटून झाले होते. आईबाबांनाही सांगितलं नाही. सहा महिने भोपाळला मावशीकडे राहिलो. कंपनीचं कॅलेंडर होतं. किल्ल्याची बारा चित्रं."

शोभाताईंना कळवलं: लेख येतोय, सोबत १९८६ ची दुरुस्ती.

तिकिटं दोन काढली. पहिलीच खेप — दोघांचीही.