कॅनबेराची धुरकट काच

मंगळवार, संध्याकाळ. बाळकुम

कॅनबेरा विमानाच्या मॉडेलची कॅमेऱ्यापुढची काच आतून पांढरी धुरकट झालीय. पुसून जात नाही.

बाबा हवाई दलात याच टेहळणी विमानांच्या फिल्म धुवायचे. शाळेआधी, घरीच, त्यांनी मला शिकवलं होतं: काचेला पांढरा गोंदच लावायचा. झटपट गोंदाची वाफ काच आंधळी करते. मुळाक्षरांआधी मला हे येत होतं.

आज त्यांनीच झटपट गोंद लावला. मी बघत होते. का बोलले नाही? वाटलं, काही नवी युक्ती असेल.

मग काच उजेडात धरून म्हणाले, "अगं, हे काय केलंस? फिल्म अशी धुतली असती तर साहेबांनी मलाच धुतलं असतं!"

"सॉरी बाबा," मी म्हणाले. साफ खोटं. पण "तुम्हीच लावलात" कसं म्हणू? आईला सांगायला हवं. सांगितलं की ते खरंच होईल, अशी भीती वाटते.

"जाऊ दे, दुसरी काच बसवू," म्हणाले, आणि हात पुन्हा त्याच ट्यूबकडे गेला. मी आधी उचलली.

बाहेरच्या खोलीत ते अजून ती शोधतायत. आईला विचारतायत. ट्यूब माझ्या खिशात आहे.