सातवं गणित

अप्पा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुम्ही शेवटी घातलेली आठही गणितं मला बरोबर आली. ते खरं नाही. सातवं चुकलं होतं.

पाचवीपर्यंत तुम्हीच माझी शाळा होता. त्या दिवशी आपण स्वयंपाकघरात बसलोय, आई भाकरी थापतेय, आणि तुम्ही माझ्या वहीत सहा-सहा आकडी आठ संख्या लिहिताय. "अकरानं भाग. बाकी कुठंच उरणार न्हाई." सातव्यात माझी बाकी एक उरली. मी वजाबाकी तपासली नाही. तुम्ही लिहिलेल्या संख्येतलाच शेवटचा सहा खोडून पाच केला. खोडलेल्या जागेवरून तुम्ही बोट फिरवलंत.

"बराबर आलं?"

"हो."

"बिलकुल?"

"हो, अप्पा."

सातवं सोडून सगळ्यांवर खूण केलीत. "वही जपून ठेव," म्हणालात. दिवाळीआधी तुम्ही गेलात.

तुमचा लॅपटॉप मीच वापरते. तुमच्या आवाजातले धडे त्यात आहेत. नऊ वर्षांत एकही ऐकायचं धाडस झालं नाही. गेल्या आठवड्यात मी अपडेट होऊ दिलं. तेव्हापासून निळ्या पडद्यावर तो कुलपाचा आकडा मागतो, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तीर्थपुरीच्या दुरुस्तीवाल्यानं सगळ्या सेटिंग बदलून पाहिल्या. "ताई, आतली सुरक्षेची चिप मालकालाच ओळखून न्हाई राह्यली. आकडा न्हाई सापडला तर सगळं पुसावं लागन."

"मंग पुसून टाक बाई," आई म्हणते. "त्या डब्याकडं बघून बघून सुकून चाललीस."

त्याची बॅटरी गेलेली आहे. दुपारी लाइट आली की तो आपोआप सुरू होतो. ती सेटिंग तुमचीच, हे मला माहीत आहे. तरी काल मी भाकरी थापत असताना समोरची भिंत निळी झाली, आणि मी न वळताच म्हणाले, "हो, अप्पा."

मग वही काढली आणि तुमच्या आठ संख्या एकेक करून लॅपटॉपात टाकायला घेतल्या. पहिले सहा गट त्यानं घेतले. सातवा घेतला नाही. मी कागदावर पुन्हा भागाकार केला, या वेळी नीट. शेवटी सहाच हवा. पण तो दाबला नाही. आत तुमचा आवाज आहे, आणि तो आधी काय विचारेल हे मला ठाऊक आहे.

दुरुस्तीवाला सोमवारी सगळं पुसणार आहे. हे पत्र वहीतच ठेवते, त्याच पानात. बिलकुल बरोबर नव्हतं, अप्पा. रविवारी दुपारी लाइट आली की मी सहा दाबणार आहे.