गरम खोलीत काढलेला थंडीचा फोटो

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शरीरचित्रण विभाग,
सरकारी रुग्णालय, तळमजला (बंद लिफ्टच्या शेजारी).

विषय : माझ्या नातीच्या अंगात ऊब तयार होत नाही, हा आपल्या विभागाचा शोध मागे घेऊन तिचा फोटो खऱ्याखुऱ्या थंडीत पुन्हा काढण्याबाबत.

संदर्भ : १) नातीचा अहवाल, शेरा ‘अकार्यक्षम’.
२) त्याच सकाळचा माझा अहवाल, शेरा ‘उत्तम’.

महोदय,

१. मी अर्जदार, वरील नातीची सख्खी आजी, म्हणजे तिच्या आईची आई. मला थापा मारायची सवय आहे असं घरातले म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण सरकारी कागदावर मी थाप मारत नाही. तिथे आधीच गर्दी असते.

२. सदर नात शीतगृहात कामाला आहे. गोठवलेले मटार आणि आइस्क्रीम ठेवतात त्या खोलीची ती मुकादम. अंगानं जाड आहे. आपल्या अहवालात तेच तीन निरनिराळ्या अवघड शब्दांत लिहिलंय, मी एकातच उरकते. त्या खोलीत बाकीची मंडळी फुगीर कोट घालून अस्वलासारखी डुलत चालतात, आणि ही बाह्या सारून खोकी उचलते. जेवणाच्या सुट्टीत पोरी तिच्या मानेला हात लावून बोटं शेकतात. तिथे तिला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे ‘शेगडी’च म्हणतात. लहानपणी आमचं मांजर ऊन सोडून हिच्या गळ्याशी झोपायचं. एकदा ही थप्पीला टेकून उभी राहिली, तर आइस्क्रीमच्या अख्ख्या थप्पीचं पाणी झालं. (हे शेवटचं जरा वाढवून सांगितलं. थप्पी अर्धीच होती.)

३. शीतगृहात नवे मॅनेजर आले. त्यांनी खोकी तोलायच्या काट्यावर माणसं चढवली आणि काटा पाहून त्यांचेच डोळे पांढरे झाले. जाड माणसाला थंडी सोसत नाही, असं त्यांनी कुठंसं वाचलंय. थंडी सोसते असा दाखला आणा, नाहीतर सोमवारपासून बाहेरच्या खिडकीत पावत्या फाडत बसा, असा त्यांनी नातीला हुकूम सोडला. म्हणून मी तिला घेऊन आपल्या दारात आले.

४. आपल्याकडच्या डॉक्टरीणबाई फार गोड. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. अंगात चरबी दोन जातींची. पांढरी साठवून ठेवते, ती कोठार. तपकिरी असते थोडीशीच, गळ्याच्या हाडांच्या वर वगैरे, पण ती जाळून ऊब करते, म्हणजे भट्टीच. ही भट्टी थंडी वाजली की पेटते, एरवी निजलेली असते. म्हणून माणसाला आधी थंड खोलीत बसवायचं, चांगलं गारठू द्यायचं, मग लांबूनच उष्णतेच्या कॅमेऱ्यानं गळ्याचा फोटो घ्यायचा. सुई नाही, कापाकापी नाही. जिथे ऊब, तिथे फोटोत लाल. नसेल तिथे काळं. मला हे इतकं पटलं की घरी गेल्यावर जावयाचाही काढून घ्यावा असं वाटलं.

५. आता मुख्य तक्रार. आपली ती थंड खोली थंड नाही. तिथले कॅमेरेवाले दिवसभर तिथेच बसतात, त्यांची कंबर धरते. मग त्यांनी एसीच्या तोंडाला पुठ्ठा लावून सगळा गारवा बाहेरच्या बोळात वळवलाय, आणि टेबलाखाली हीटर ठेवलाय. माणसाचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या जागी मी असते तर पाय शेकायला घमेलंही ठेवलं असतं. पण झालं काय, की आत माझी नात घामानं निथळत स्वतःच्या नंबराच्या चिठ्ठीनं वारा घेत बसली, आणि बाहेर बाकावर आम्ही सोबत आलेली माणसं दातावर दात आपटत होतो. आपल्या रुग्णालयात नियमाप्रमाणे कुणाला गारठवलं जात असेल, तर ते फक्त नातेवाइकांना. भट्टी पेटायचं काही कारणच नव्हतं, तर ती पेटणार कशी? फोटोत नातीचा गळा काळाठिक्कर. शेरा : ‘तपकिरी चरबी अकार्यक्षम. शीतगृहातील कामास अयोग्य.’

६. एवढा काळा गळा बघून कॅमेराच बिघडला की काय, अशी शंका कॅमेरेवाल्यांना आली. ते दारात येऊन म्हणाले, “आजी, जरा आत या. तुमचा एक काढून बघतो.” मी गळ्याभोवतीचा लोकरीचा मफलर उलगडला आणि लगेच उभी राहिले. फोटोत माझा गळा असा लालभडक, की कुणी आत दिवा लावून ठेवलाय. कॅमेरा ठीक आहे म्हणून ते खूश झाले. आता फोटो निघाला की अहवालही निघतोच, अशी आपली पद्धत. छापील नमुना तोच होता, तोच भरला गेला : ‘तपकिरी चरबी उत्तम, वयाच्या मानाने आश्चर्यकारक. शीतगृहातील कामास योग्य.’ साहेब, मला फ्रीजमधून दूध काढतानाही शिंका येतात. त्या लालीचं श्रेय मफलरला जातं. कॅमेऱ्याला ऊब दिसते, ती कुठून आली हे त्याला विचारता येत नाही. ते माणसानं विचारायचं असतं.

७. दोन्ही कागद घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या आधी हसल्या, मग त्यांनी हसू आवरलं. म्हणाल्या की जाड माणसाच्या कातडीखाली पांढऱ्या चरबीचा थर असतो, त्यामुळे आत भट्टी पेटलेली असली तरी बाहेर कमीच दिसते. म्हणजे शेगडीवर रजई घालायची, वरून हात फिरवायचा आणि विझली म्हणून सांगायचं, असंच की. मी म्हटलं, मग हे कागदावर लिहा. त्या म्हणाल्या, “आजी, लिहिलं असतं हो, पण त्याला रकानाच नाही. साहेबांनी सांगितलं तरच फेरतपासणी होते.” म्हणून आपल्याला त्रास.

८. इथवर आपण हसला असाल तर हरकत नाही, मीही हसतच लिहिलं. पण अहवाल आणल्यापासून माझी नात भर दुपारी घरात स्वेटर घालून बसते. जन्मात जिला कधी थंडी वाजली नाही, ती खिडक्या लावून घेते. काल मी ते स्वेटर ओढून काढायला गेले, तर म्हणाली, “राहू दे गं आजी. माझ्यात काहीतरी कमीच असणार. मशीन कशाला खोटं बोलेल?” मॅनेजरनं जाड म्हटलं, ते तिनं झटकून टाकलं होतं. आपल्या फोटोवर मात्र तिनं विश्वास ठेवला. नोकरीसाठी मी मॅनेजरशी भांडेन, त्याची मला हौसच आहे. पण तिच्या अंगची ऊब आपण काढून घेतलीत, ती आपल्यालाच परत द्यावी लागेल.

९. तरी एसीचा पुठ्ठा काढून, हीटर बंद करून नातीचा फोटो पुन्हा घ्यावा. कातडीखालच्या थराचं काय, ते डॉक्टरीणबाईंना समासात का होईना, लिहू द्यावं. खोली गार करणं आपल्याला जमत नसेल तर तिला आमच्याबरोबर बोळातल्या बाकावर बसवावं. आणि कॅमेरेवाल्यांना त्या दिवसापुरता माझा मफलर द्यावा.

१०. हे सोमवारच्या आत झालं नाही, तर आपल्या विभागानं शीतगृहातील कामास योग्य ठरवलेली, आमच्या घरातली एकमेव व्यक्ती मी आहे. आपला सही-शिक्क्याचा कागद घेऊन मी सोमवारी सकाळी नातीच्या जागी मुकादम म्हणून हजर होईन. माझ्या मापाचे बूट बघून ठेवा, असा निरोप मॅनेजरना धाडलाय. मटारच्या खोक्यांमध्ये मी गोठले, तर मला बाहेर काढून शेगडीजवळ ठेवावं. कोणत्या शेगडीजवळ, ते तिथे कुणीही सांगेल.

आपल्या कागदोपत्री उत्तम तब्येतीची,

(सही)
आजी
(नोंदवहीप्रमाणे ‘सोबत आलेली’)

दिनांक : शुक्रवार, कचेरी बंद व्हायच्या आत.

सोबत :
१) नातीचा फोटो, काळा.
२) माझा फोटो, लाल. (कृपया भिंतीवर लावू नये.)
३) मफलर, मूळ प्रत. खात्री करून परत करावा, बोळात बसायला लागतो.